न तुटलेली पट्टी

आमचे हे, अरविंद, रबाळ्याच्या एका कारखान्यात केमिस्ट आहेत. केमिस्ट म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पांढरा कोट येतो. माझ्या नाकाशी येतो तो शर्टाला लागलेला वितळलेल्या प्लॅस्टिकचा वास. कामोठ्याच्या आमच्या सोसायटीत हे लिफ्टमध्ये शिरले की शेजारच्या काकू नाकाला पदर लावतात. शर्ट दोनदोन पाण्यांतून काढला तरी तो वास जात नाही. मी तर आता त्यावर बोलायचंही सोडलंय.

काम काय, तर भंगारातल्या प्लॅस्टिकचे दाणे करायचे. त्यांचे भाजीचे क्रेट बनतात आणि वाशीच्या मार्केटात जातात. तेलाचे कॅन एका जातीचे, बादल्या नि झाकणं दुसऱ्या जातीची. दोन्ही एकत्र वितळवली तर दिसायला एकजीव होतात, पण जरा वाकवलं की काडकन तुटतात. म्हणून ती आधी निवडून वेगळी करावी लागायची. त्यासाठी शेडमध्ये बाया बसायच्या. त्यांची मुकादम राजाबाई. तुर्भ्याला राहते, नवरा नाही, मुलगी कॉलेजात. तिचं सगळं घर या निवडण्यावर चालायचं.

शेठने ह्यांना सांगितलं होतं, असं काहीतरी मिसळा की दोन्ही जाती एकमेकींना धरून राहतील. तशी रसायनं असतात म्हणे. मी विचारलं तेव्हा हे म्हणाले, "लग्नात एखादी मामी दोन्हीकडच्या नात्यातली असते ना, ती सगळ्यांना बोलतं करते. तसं." पण ह्यांना ती मामी काही सापडेना. कधी रसायन कमी पडायचं, कधी मशीनमध्येच जळायचं. हे मान खाली घालून जेवायचे, आणि भाजी कसली होती विचारलं तर सांगता यायचं नाही.

नव्या मिश्रणाची पट्टी निघाली की हे ती आधी राजाबाईकडे न्यायचे. लॅबमध्ये मशीन आहे, पण ह्यांचा भरवसा तिच्या दणकट हातांवर. ती पट्टी वाकवायची, काडकन आवाज यायचा, आणि तीच हळहळायची, "आज बी गेली, सर. व्हईल उद्या." बायको असून मी कधी इतकी हळहळले नाही. आणि ज्या दिवशी पट्टी तुटणार नाही त्या दिवसापासून निवडायला कुणी लागणार नाही, हे आमच्या हुशार माणसाच्या डोक्यातच आलं नाही. अजून राग येतो मला.

गेल्या महिन्यात पट्टी तुटली नाही. राजाबाईने दोन्ही टोकं जुळवली, सोडली, तर ती पुन्हा सरळ झाली. बाई आनंदाने ओरडलीच. पट्टी घेऊन स्वतः शेठच्या केबिनमध्ये धावली. "शेठ, बघा, सरांचं जमलं! नाय तुटत!" शेठने पेढे मागवले. पहिला तिलाच दिला.

त्याच आठवड्यात शेठने सांगून टाकलं, आता निवडायला बाया नकोत, काच-लोखंड काढायला दोन माणसं पुरेत. हे केबिनमध्ये जाऊन बोलले, चक्क भांडले. "साहेब, हे तुम्हीच तर केलंत ना?" शेठकडून एवढंच उत्तर मिळालं.

शेवटच्या दिवशी बायांनी ह्यांच्याकडून ती पट्टी मागून घेतली. एकीने वाकवली, एकीने पिळली, एकीने तर पायाखाली धरून ओढली. सगळ्यांच्या हातांतून फिरून ती राजाबाईकडे आली. तिने पदराला हात पुसले आणि सगळा जोर लावला. हे समोरच उभे होते. घरी येऊन मला म्हणाले, "जया, एवढे दिवस त्या पट्टीसाठी जीव काढला, पण तेव्हा मनापासून वाटत होतं, तुटू दे."

तुटली नाही. राजाबाईने ती ह्यांच्या हातात परत दिली.

"चांगली झालीय, सर," म्हणाली, आणि आपला डबा घेऊन निघून गेली.