धुण्याआधीचं माप

चिकपेटातल्या कापडबाजारात आमचं ब्लाउजपीस आणि सुती कापडाचं दुकान आहे. कापड आटलं म्हणून कोणी परत आलं की मी गादीवरून न हलता विचारायचो, "धुण्याआधी मोजलं होतं का?" मोजलेलं कधीच नसायचं. "मग आटलं हे कशावरून?" गिऱ्हाईक तोंड पाडून निघून जायचं. शेजारी बसलेली बायको म्हणायची, "अहो, स्वल्प समजून घ्या की, द्या एक तुकडा बदलून." मी म्हणायचो, धंदा तुला कळत नाही.

गेल्या वर्षी तिचा उजवा खुबा बदलला. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, दोन आठवड्यांत सीटी करून घ्या. मांडीच्या हाडात धातूची दांडी बसवलीय, तिच्याभोवतीचं हाड आज किती भरीव आहे ते मोजून ठेवू, म्हणजे पुढे विरळ होतंय का ते कळेल. मी मान डोलावली. पण तारीख आली नेमकी वरमहालक्ष्मीच्या आठवड्यात. तेव्हा घरोघरी हळदीकुंकवाला ब्लाउजपीस लागतात, दुकानात पाय ठेवायला जागा नसते. तिनं दोनदा आठवण करून दिली. "चालतेयस ना नीट? मग मोजायचंय काय," मी म्हणालो. सण झाला, गणपती झाले, दसरा झाला. तिनं आठवण करून देणं सोडलं आणि मी सोयीनं विसरलो.

या उन्हाळ्यात तिची मांडी दुखायला लागली. जे. पी. नगरातल्या आमच्या घराच्या चार पायऱ्या चढताना ती कठडा धरून थांबायची. शेवटी सीटी केला. पडद्यावर धातू पांढराफेक, आणि वरच्या बाजूला त्याच्याभोवतीचं हाड विरळ. पुन्हा ऑपरेशन लागेल का, मी विचारलं.

"हाड झिजत चाललं असेल तर लागेल. पहिल्यापासूनच असं असेल तर नाही," डॉक्टर म्हणाले. "पहिलं माप कुठाय?"

घेतलंच नव्हतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. बायकोनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, ते जास्त लागलं. आजचंच माप पहिलं धरायचं, सहा महिने काठी घेऊन चालायचं आणि मग पुन्हा मोजायचं, असं ठरलं. तोवर आत काय चाललंय हे कोणालाच ठाऊक नाही. मला माझा राग आला आणि, खोटं कशाला बोलू, तिचाही आला. तिसऱ्यांदा का नाही सांगितलंस, असं मनात आलं. असला मी माणूस.

परवा एक बाई आटलेलं कापड घेऊन दुकानात आली. बायको खुर्चीवर होती. गादीवर बसायची तिला आता मनाई आहे. मी तोंड उघडायच्या आत तिनं काठी बाजूला ठेवली आणि कात्री घेतली.

"यांना नका विचारू, अक्का," ती त्या बाईला म्हणाली. "हे मोजत नाहीत."

आणि तिनं नवा तुकडा कापून दिला.