घरचंच रक्त

रक्तपेढीत काम करणाऱ्या बाईला कशाची भीती वाटत नसेल, असं लोकांना वाटतं. मला स्वच्छ नळीची भीती वाटते. नळी उजेडाकडे धरायची, हलकेच तिरपी करायची. तळाची लाल गोळी मोकळी होऊन सगळीकडे पसरली तर रुग्णाचं आणि देणाऱ्याचं रक्त जुळलं, गुठळ्या राहिल्या तर नाही जुळलं. दिसायला एवढंच काम. मी ते गोंदियात पंधरा वर्षं केलं आणि त्यातली एक नळी काही केल्या डोळ्यांसमोरून जात नाही.

दोन हजार तीन-चारचा सुमार असेल. रोवणीचे, म्हणजे भातलावणीचे दिवस होते. कामठ्याकडच्या एका मोठ्या घरची सून तिसऱ्या बाळंतपणात खूप रक्त जाऊन दवाखान्यात पडली होती. तिच्यासाठी दोन बाटल्या हव्या होत्या, म्हणून तिचा सासरा, नवरा आणि दीर आमच्याकडे आले. मागोमाग बोदलकश्याच्या बाजूच्या गावाहून तिचा भाऊ आला. त्याने आल्याआल्या बाही वर केली, तर सासऱ्याने त्याचा हात धरून खाली केला.

"तुमची रोवणी सुरू हाये. माहेरच्यायले कायले तरास? आमची सून हाये, आमीच देऊ रक्त."

यात तोरा होता तसा जिव्हाळाही होता. आमच्याकडे हे नेहमीचं. सुनेच्या अंगात बाहेरचं रक्त नको, घरचंच पाहिजे. आणि घरचं म्हणजे सासरचं. भावाने बाही खाली ओढली. थोडा वेळ बाकावर बसला आणि तिरोड्याच्या गाडीने परत गेला. मीही त्याला थांबवलं नाही. रक्तगट सासरच्यांचाही सुनेसारखा बी पॉझिटिव्हच होता, मग कोणाचं घेतलं तर काय बिघडलं, असं मनात म्हटलं.

बिघडतं, हे मला शिकवलेलं होतं. तांबड्या पेशींच्या अंगावर ऋण भार असतो. सगळ्यांवर सारखाच भार, म्हणून त्या एकमेकींना जवळ येऊ देत नाहीत. रुसलेले व्याही एका सतरंजीवर बसूनही हातभर अंतर ठेवतात तशा. बाईला मुलं झाली की त्या मुलांमधून नवऱ्याकडच्या रक्ताची ओळख तिच्या शरीराला होते आणि कधी कधी तिच्या रक्तात त्या रक्ताविरुद्धची प्रतिद्रव्यं तयार होतात. ती इतकी आखूड असतात की एका पेशीला चिकटली तरी पलीकडच्या पेशीपर्यंत त्यांचा हात पोचत नाही. त्यामुळे साध्या सलाईनमध्ये पेशी दूर दूरच राहतात, गुठळी होत नाही आणि नळी स्वच्छ दिसते. वैर असतं, दिसत नाही. ते दिसावं म्हणून शेवटी कूम्ब्स सीरम घालायचं असतं; ते दोन पेशींमधलं अंतर सांधतं.

आमची कूम्ब्सची बाटली चार दिवसांपूर्वी संपली होती. नवी नागपूरहून यायची होती. मी रक्तपेढीच्या मालकांना विचारलं. ते म्हणाले, "सलाईन में देख लो, घर का ही तो खून है." मी पाहिलं. नवऱ्याची नळी स्वच्छ, दिराची नळी स्वच्छ. कागदावर 'जुळते' लिहून खाली सही केली. नाही म्हणायला तोंड होतं मला, पण मी ते उघडलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डातून फोन आला. बाईला ताप होता, डोळे पिवळे झाले होते, लघवी काळ्या चहासारखी होत होती आणि रक्त चढवण्याआधी होतं त्याहून कमी झालं होतं. कूम्ब्सची बाटली आदल्या संध्याकाळीच येऊन पडली होती. मी नव्या नमुन्यावर तीच तपासणी पुन्हा लावली. पेशी तीनदा धुतल्या, सीरमचे दोन थेंब टाकले, नळी फिरवली. नवऱ्याच्या नळीत गुठळी, दिराच्याही. मग फ्रिजमधल्या चालण्यासारख्या सगळ्या बाटल्या लावून पाहिल्या. प्रत्येकीत गुठळी; तिचं रक्त ज्या खुणेवर उठलं होतं ती जवळजवळ सगळ्यांच्याच रक्तात असते, तिच्यात मात्र नव्हती. वॉर्डातून डॉक्टर दर अर्ध्या तासाने विचारत होते, मिळालं का. भरलेल्या फ्रिजसमोर उभी राहून मी नाही म्हणत होते. इतकं लाचार मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

नागपूरच्या एका मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, सख्खी भावंडं बघा, जुळलं तर तिथेच जुळेल. भावाच्या गावी एसटीडीवाल्याकडे निरोप ठेवला. तो भाताच्या बांधीतून तसाच निघाला. आमच्याकडे पोचला तेव्हा दुपार झाली होती आणि पोटऱ्यांवर चिखल वाळलेला होता. त्याची नळी मी चारदा तपासली. कूम्ब्समध्येही एक कण दिसला नाही. बाकीच्या चाचण्या उरकून बाटली वॉर्डात पाठवायला चार वाजले. अर्धी बाटली गेली असेल, तेवढ्यात बाई गेली.

पंधरा-वीस दिवसांनी तिचा नवरा एकटाच आला. डोक्यावरचे केस नुकते उगवत होते. लोक काहीबाही बोलत होते आणि त्याला खरं काय ते माझ्या तोंडून ऐकायचं होतं. जमेल तितक्या सोप्या शब्दांत मी सांगितलं. तो खाली बघत ऐकत राहिला.

"माही तीन लेकरं तिनं पोटात वागवली. मंग माह्यं रक्त तिले काऊन नाई सोसलं?"

वागवली म्हणूनच नाही सोसलं, हे त्याचं खरं उत्तर होतं. ते मला देववलं नाही. मी म्हटलं, "भाऊ, तुमचा दोष नाही. चूक माझी आहे. ती नळी मी पाहिली होती, सही माझी आहे." तो माझ्यावर ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. माझी चूक त्याच्या कानापर्यंत पोचलीच नाही.

"माह्यं रक्त खराब हाये का, मॅडम?"

"नाही हो. चांगलं आहे."

"मंग दुसऱ्या कोनाले चालन?"

"चालेल."

तो लगेच उठून आतल्या खाटेवर जाऊन आडवा झाला आणि हात पुढे केला. कोपराच्या खळगीत आधीच्या सुईचा बारीक डाग होता. एकदा रक्त दिलं की तीन महिने पुन्हा घेता येत नाही, हे त्याला सांगणं भाग होतं. मी सांगितलं. तो ऐकत होता, पण हात तसाच ठेवून पडून राहिला. मी शेजारी उभी होते आणि त्याला ऊठ म्हणायचं मला धाडस होईना.