अँब्युलन्सचे हेड बोल्ट

माझी शेवटची पोस्टिंग बर्फातल्या एका चौकीवर होती. मी हवालदार, व्हेइकल मेकॅनिक. चौकीला एकच अँब्युलन्स. रोज सकाळी पाणी, ऑइल, बॅटरी तपासून इंजिन सुरू करायचं, एवढी माझी ड्युटी.

त्या सकाळी इंजिन तापलं आणि सायलेन्सरमधून पांढरी वाफ आली. इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, म्हणजे हेड गॅस्केट, गेलं होतं. त्याच सकाळी एका जवानाच्या फुप्फुसात पाणी भरलं. हा उंचीचा आजार. लवकर खाली नेलं नाही तर माणूस जातो. ढगांमुळे हेलिकॉप्टर येणार नव्हतं. रस्त्यावर बर्फ कोसळलं होतं आणि डोझर ते काढत होता. रस्ता उघडेपर्यंत गाडी दुरुस्त करून तयार ठेवणं भाग होतं.

गॅस्केट माझ्याकडे होतं. हेड धरून ठेवणारे नवे बोल्ट नव्हते. ते एकदा पूर्ण आवळले की किंचित ताणतात. तेच परत लावले तर धरत नाहीत. नवा सेट खालच्या कॅम्पवर होता. तिथे नायक सहदेव होता. मी अड्याळचा, तो त्याच जिल्ह्यातल्या बपेऱ्याकडचा, नदीवर मासे धरणाऱ्या घरातला. नुकताच सुटीवरून आलेला. उंचीची सवय होईपर्यंत अशा माणसाने खालीच थांबायचं, असा नियम. त्याची मुदत संपली नव्हती. तरी रेडिओवर त्याचाच आवाज आला, "मी आणतो, उस्ताद. साहेबांची परवानगी घेतली. ओव्हर."

कोसळलेलं बर्फ पायी ओलांडून तो दुपारी पोहोचला.

"जरा बस गा," मी म्हणालो.

"बसाले आलो का? अड्याळवाले लयच आराम करते."

हेड बसवलं. मधल्या बोल्टपासून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळायला लागलो. ठरलेला जोर लागला की टॉर्क रेंच टक् वाजतो; पहिल्या टप्प्याला तो वाजला, म्हणजे बोल्ट बसला. सहदेवने कोपऱ्यातल्या बोल्टवर बोट फिरवलं.

"हा वर राहिला, उस्ताद. खाली बरफ हाये."

हेड काढताना सांडलेलं पाणी भोकात गोठलं होतं. बोल्ट बर्फावर टेकला होता. तसाच जोर लावला असता तर ब्लॉक फुटला असता. पहिलाच टप्पा होता, बोल्ट अजून ताणले नव्हते; सगळे परत काढले. सहदेवने ब्लोलॅम्पने ब्लॉक गरम केला, तारेला कापड गुंडाळून एकेक भोक कोरडं केलं. पुन्हा पहिल्यापासून आवळलं.

अंधार पडायच्या आत रस्ता उघडला. इंजिन सुरू झालं. पेशंटला चढवताना सहदेव खोकत होता.

"तूही जा खाली."

"काहून? ब्लोलॅम्पचा धूर गेला नाकात."

अँब्युलन्स गेली. मागून पुन्हा बर्फ आलं, रस्ता बंद झाला. रात्री सहदेवला श्वास पुरेना. चौकीवर उरलेला ऑक्सिजन लावला. मी कॉल केला, "दुसरा पेशंट. अँब्युलन्स परत पाठवा. ओव्हर." उत्तर आलं, "रस्ता बंद. थांबा. ओव्हर."

उजाडायच्या आधी तो गेला.

रिटायर झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो. त्याचे वडील अंगणात जाळं विणत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. मग विचारलं, "थो दुसरा पोरगा बचला का?"

"बचला, बाबा. घरी गेला, बिहारले."

"त्याले एकडाव इकडं याले सांगजो. पाहू दे मले."

मी त्या जवानाला निरोप दिला. "येतो," म्हणाला. अजून आलेला नाही. मी बपेऱ्याकडे गेलो की बाबा माझ्या मागे कोणी आहे का, तेवढं पाहतात.