पाचवं शील आणि बाबांची पुडी

चरोद्याच्या रेल्वे यार्डात बाबा आणि काका आयुष्यभर शंटिंगला होते. काका म्हणजे सख्खे नव्हेत, बाबांचे जोडीदार; पण सख्ख्यांपेक्षा त्यांचाच चहा आमच्याकडे जास्त झाला असेल. दोन डबे जोडायला बाबा मध्ये शिरत आणि काका बाहेर उभे राहून इंजिनाला हात देत, म्हणजे हलायची खूण करत. मधला माणूस बाहेर आल्याशिवाय हात द्यायचा नाही, एवढाच त्या कामाचा धर्म. बाबा धडधाकट रिटायर झाले, त्याचं श्रेय ते काकांच्या हाताला देत.

मग बाबांच्या हाडांत कॅन्सर शिरला. गोळ्यांनी दुखणं थोडं दबायचं, पण अन्न पोटात ठरत नव्हतं. एका दुपारी काकांनी खिशातून गांजाची पुडी काढली. बाबांनी तोंड फिरवलं. नशा करणार नाही, हे पाचवं शील ते दर रविवारी विहारात घेत आणि पाळतही असत. नुसते घेणारे पुष्कळ असतात.

"औषध समज ना बे," काका म्हणाले. "तुले नाचाले थोडी देऊन राहिलो."

त्या दिवशी बाबांनी वाटीभर वरणभात खाल्ला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. तेव्हापासून पुडी काकाच आणत.

काही महिन्यांनी कोणा पुढाऱ्यानं टीव्हीवर म्हटलं, दारूपेक्षा गांजा बरा, मोकळा करा. झालं, सगळी कॉलनी कायदेपंडित झाली. भांगेला सरकारी ठेका आणि गांजाला जेल, हा कुठला न्याय, असं काहीजण म्हणत. पोरं वाया जातील, असं बाकीचे. एका रविवारी विहारात त्यावर चर्चा ठेवली.

"तू बोल पोरी," काका आदल्या दिवशी मला म्हणाले. "तुह्या मागून मी उठतो. पुडी मीच आणतो म्हणून सांगतो."

मी बोलले. पोरांची काळजी मलाही आहे, पण आजारी माणसाला तरी डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळू द्या, माझे बाबा त्याच्यामुळे जेवतात, असं म्हणाले. माझ्याआधी विरोधात बोलणाऱ्यांना भरपूर टाळ्या पडल्या होत्या, आणि काका त्या वर्षी विहार समितीच्या अध्यक्षपदाला उभे होते. वारा येईल तशी पाठ द्यावी म्हणतात. काका उठले, माइक हातात घेतला.

"शील घेणाऱ्या घरात पुडी येते," ते म्हणाले, "अन् पोरगी आमालेच शिकवून राहिली. कोण आणून देते, विचारा तिले."

माझ्याकडे मात्र त्यांनी पाहिलं नाही. मी उठून माइककडे निघाले. तेवढ्यात काकांनी सगळ्यांकडून पाचवं शील म्हणवून घेतलं. लोक मोठ्यानं म्हणाले.

विहाराच्या भोंग्याचं तोंड आमच्या खिडकीकडे आहे, हे माझ्या ध्यानात आलं ते घरी पोचल्यावर. बाबा भिंतीला टेकून बसले होते. मी ताट वाढलं. त्यांनी ते हलकेच बाजूला सारलं.

"दोन घास तरी घ्या, बाबा."

"मी अजून मधातच होतो, बाई," ते म्हणाले. "अन् त्यानं हात देल्ला."