आभार आधी, तपासणी मागून

डॉक्टरीणबाईंनी लाकडी नळी शांताच्या पोटावर चार ठिकाणी ठेवून ऐकलं, पाचव्या ठिकाणी ठेवून ऐकलं, आणि मग नळी पुसून टेबलावर ठेवली. त्या परदेशी होत्या. मराठी त्या पवित्र शास्त्र वाचून शिकल्या होत्या, त्यामुळे त्यांचं साधं बोलणंही वेदीवरून आल्यासारखं वाटे. त्या म्हणाल्या, "मास्तर, येथे बालक नाही. कधीही नव्हते."

"मग अकरा महिने काय होतं?" मी विचारलं.

"ओव्हेरियन सिस्ट," त्या म्हणाल्या, आणि कागदावर चित्र काढून दाखवलं. स्त्रीच्या ओटीपोटात, गर्भाशयाच्या दोन बाजूंना, बदामाएवढे दोन बीजकोश असतात. त्यातल्या एकाला पाण्याची पिशवी धरते आणि ती वाढत जाते. ताप नसतो. सुरुवातीला दुखणंही फारसं नसतं. पाळी कधी थांबते, कधी थांबत नाही. बाहेरून बघणाऱ्याला जे हवं असतं ते दिसतं.

आम्हांला जे हवं होतं ते दिसलं. आम्हांला म्हणजे मला, आमच्या पाळकांना, आणि बारा ख्रिस्ती घरांच्या आमच्या सगळ्या मंडळीला. शांता टेबलावर निजली होती. तिनं पदर पोटावर ओढून घेतला. आत इतके दिवस कुणी परकं राहत होतं हे तिला आत्ताच कळलं होतं.

हे मी लिहितो आहे ते मोठेपणासाठी नाही. त्यात माझं मोठेपण कुठंच नाही. पण अशी घरं आणखी असतील, आणि तिथं कुणाला वाचता येत असेल, तर त्यांनी वाचावं.

मी कळमनुरीपासून दोन कोसांवरच्या एका गावात मिशनच्या शाळेवर मास्तर होतो. आमच्या लग्नाला पंधरा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. आषाढात शांताची पाळी थांबली. दसऱ्यापर्यंत पोट दिसू लागलं. बाकीचं सगळं मंडळीनं केलं.

आमच्याकडे सुगीनंतर उपकारस्तुतीचा सण असतो. ज्वारीची कणसं, कापूस, भोपळे, कोंबड्या असं सगळं वेदीपुढं मांडतात. ज्याची प्रार्थना ऐकली गेली तो उभा राहून ते जाहीर सांगतो आणि अर्पण ठेवतो. आमच्या आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा नवस सोडले होते. ते मागच्या दारानं असे परत आले. फरक एवढाच, की नवस काम झाल्यावर फेडतात, आणि आम्ही काम होण्याआधीच आभार मानतो. त्याला विश्वास म्हणतात.

त्या वर्षी मोठ्या शहरातून एक उपदेशक आले होते. विषय होता विश्वास आणि भरभराट. त्यांची स्वतःची भरभराट कोटाच्या गुंड्यांवर ताण देत होती. त्यांनी शांताला पुढं बोलावलं आणि मला बोलायला सांगितलं. भपक्याची मला पहिल्यापासून चीड आहे, असं मी लोकांना सांगत असे. तरी मी उठलो, वेदीपुढं गेलो, आणि देवानं आम्हांला मूल दिल्याबद्दल भरल्या आवाजात आभार मानले. पुढच्या महिन्यात मिशनच्या मासिकात माझ्या नावानिशी चार ओळी छापून आल्या.

एकदा छापून आल्यावर माणसाला मागं फिरता येत नाही, निदान आमच्या मंडळीत तरी.

गावातली सुईण गयाबाई माघात आमच्या घरी आली होती. तिनं कुणी न विचारता शांताच्या पोटाला हात लावला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग मला अंगणात बोलावून म्हणाली, "मास्तर, राग नका येऊ देऊ. लेकरू आत लाथा मारतं. हे निस्तं बसून राहिलंय."

"म्हणजे?"

"म्हंजे मला काय म्हाईत. पन हे लेकरू न्हाई. दवाखान्यात दाखवा."

मी ते पाळकांना सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते. थकलेले होते, आणि मंडळीला उभारी देण्यासारखी गोष्ट त्यांना फार वर्षांनी मिळाली होती. ते म्हणाले, "मास्तर, देवाचं दान अन्यधर्मी बाईच्या हातानं पारखायचं? आभार मानून झालेत." गयाबाईला पुन्हा घरी येऊ नको म्हणून निरोप गेला. तो निरोप घेऊन मी स्वतः गेलो होतो.

नववा महिना गेला. दहावा गेला. शांताचे हातपाय काटकीसारखे झाले आणि पोट तेवढं वाढत राहिलं. तिला आडवं पडता येईना, भाकरीचे दोन घास खाल्ले की श्वास अडे. पाळकांनी धीर या विषयावर लागोपाठ तीन रविवार प्रवचन केलं. शास्त्रातली ती नव्वदीत आई झालेली बाई तीनही वेळा प्रवचनात आली. त्या बाईंनी इतकं थांबून आमच्या पाळकांची फार मोठी सोय करून ठेवली आहे. देवाच्या घड्याळात घाई नसते, असं ते म्हणत. माझ्या घरात मात्र शांता भिंतीला टेकून बसल्या-बसल्या झोप काढत होती, आणि मी तिच्या छातीकडे बघत श्वास मोजत होतो.

अकरावा लागला, तेव्हा एका दुपारी शास्त्र वाचता वाचता ती मला म्हणाली, "अहो, ती रक्त जाणारी बाई. बारा वर्सं बिमार व्हती. तिला कुनी थांब म्हनलं नसंल का?"

"म्हटलं असेल."

"मंग ती काहून थांबली न्हाई?"

मी तिच्या हातातल्या पुस्तकाकडे बघितलं.

"गर्दीत घुसली, अन् मागून जाऊन प्रभूच्या झग्याला हात लावला. कुनाला इच्यारलं बी न्हाई. अन् त्यानं तिला रागं भरलं का? न्हाई. पोरी म्हनला." तिनं पुस्तक मिटलं. "उद्याची बैलगाडी सांगा."

सकाळी पाळक गाडीपुढं येऊन उभे राहिले. म्हणाले, "शांताबाई, आता दिवसांचा प्रश्न आहे. लोक काय म्हणतील? मासिकात छापून आलंय."

"मंग मासिकाला बाळंत होऊ द्या, पाळकसाहेब," शांता म्हणाली, आणि गाडीवानाला हाक म्हणून खूण केली.

रोहिणीचं ऊन होतं. कळमनुरीपासून हिंगोलीपर्यंत मोटार मिळाली. दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईमुळे पेट्रोल नव्हतं, मोटारी कोळशाच्या धुरावर चालत, आणि चढ आला की उतारूंना उतरून ढकलावं लागे. शांता एकटी आत बसली, आणि ड्रायव्हर तिच्यासाठी खड्डे चुकवत राहिला. हिंगोलीहून रेल्वे मिळाली. पूर्णेला गाडी बदलायची होती. तिथं फौजेच्या गाड्या आधी सोडत होते. आमची गाडी आठ तास आली नाही. ज्याला वाट बघण्याबद्दल प्रवचन करायचं असेल त्यानं आधी पूर्णेच्या फलाटावर आजारी माणूस घेऊन बसावं.

दवाखाना मिशनचाच होता. तपासणी झाली, ती मी वर सांगितली आहे.

डॉक्टरीणबाईंनी काही झाकून ठेवलं नाही. "शस्त्रक्रिया केली तर ती मरू शकते. न केली तर मरेलच. पूर्वी आणले असते तर हे सोपे होते." शेवटचं वाक्य त्या रागानं बोलल्या नाहीत, म्हणून ते मला अजून पाठ आहे.

कागदावर सही शांतानं स्वतः केली. मिशनच्या मुलींच्या शाळेत ती चौथीपर्यंत शिकली होती. मी हात धरायला गेलो तर म्हणाली, "सरका, शाई सांडंल."

अंगात रक्त कमी होतं, म्हणून तीन दिवस काळिजाचा रस्सा आणि औषधं देऊन मग ऑपरेशन करायचं ठरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती अचानक ओरडली. पंधरा वर्षांत मी तिला ओरडताना ऐकलं नव्हतं. डॉक्टरीणबाई धावत आल्या. त्या "टॉर्शन" म्हणाल्या. म्हणजे गाठीच्या देठाला पीळ बसतो, तिचं रक्त तुटतं, आणि गाठ आत सडू किंवा फुटू शकते. आता थांबणं नव्हतं. पाणी उकळायला ठेवलं, ईथरची बाटली काढली, शांताला स्ट्रेचरवर घेतलं.

तेवढ्यात फाटकातून एक बैलगाडी आत आली. गाडीत एक बाई अडली होती. दोन दिवस झाले होते, आणि पोराचा हात बाहेर आला होता.

ऑपरेशनची खोली एक होती. डॉक्टरीणबाई एक होत्या. त्यांनी गाडीत वाकून बघितलं, परत आल्या आणि माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "तिच्याजवळ एक तासही नाही. तुमच्या पत्नीजवळ काही तास आहेत, असे मला वाटते."

वाटते. या शब्दावर मी पुढचे दोन तास काढले.

शांतानं ज्या बाईची गोष्ट सांगितली, त्या गोष्टीत आणखी एक माणूस आहे. त्याची मुलगी घरी मरायला टेकलेली असते. तो प्रभूला घेऊन निघालेला असतो, आणि वाटेत ती बाई मध्ये येते. प्रभू तिच्याशी बोलत थांबतात. त्या बापाला तिथं उभं राहून काय वाटलं, ते शास्त्रात लिहिलेलं नाही. ते मला त्या व्हरांड्यात कळलं. त्याला ती बाई मरावी असं वाटलं असणार. मला वाटलं. ज्या तोंडानं मी वेदीपुढं आभार मानले होते त्याच तोंडात हे आलं, आणि मी ते गिळलं नाही.

गाडीवाल्या बाईचा नवरा माझ्याशेजारी येऊन बसला. शेतकरी होता. पागोटं सोडून त्यानं मांडीवर घेतलं होतं.

"तुमची बी बाळातीण का?"

"नाही. पोटात गाठ आहे."

त्यानं आतल्या दाराकडे बघितलं. मग म्हणाला, "ती बाई कण्हून राहिली आतमंदी, ती तुमचीच?"

"हो."

"म्हंजे आमच्यामुळं तुमचं ऱ्हायलं."

मी खोटं बोललो नाही. म्हटलं, "होय."

"मंग मी काय करू?" तो म्हणाला. त्यानं हे खरंच विचारलं होतं.

काही वेळानं आतून मूल रडलं. पंधरा वर्षं ज्या आवाजासाठी मी प्रार्थना केली होती तो आवाज दहा हातांवरून आला, आणि तो माझा नव्हता. नर्स दारात आली आणि त्याला म्हणाली, "मुलगा झाला. दोघं बरी आहेत. चला, तोंड बघायला." त्यांची बाई बाहेर नेली आणि लगेच शांताला आत घेतलं. दार लागलं.

तो माणूस उठला, चार पावलं गेला आणि परत येऊन माझ्याशेजारी बसला.

"जा की," मी म्हटलं. "पोराचं तोंड बघा."

"बघतो. ते कुटं जातंय." त्यानं चंची उघडली, पान माझ्यापुढं केलं. "तुमचं भाईर येऊ द्या, मंग जातो."

ऑपरेशन पावणेतीन तास चाललं. तो उठला नाही. मला धीर वगैरे काही दिला नाही. एकदा फक्त म्हणाला, "तुमच्या देवाला बी असं ताटकळत ठिवायची सवय हाय व्हय?" मी म्हटलं, "आहे." तो म्हणाला, "मंग आमच्यावानीच हाय."

धीर या विषयावर मी बरंच वाचलं आहे. त्या पावणेतीन तासांशेजारी ठेवण्यासारखं त्यात फार थोडं होतं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या बाहीवर कोपरापर्यंत रक्त होतं. "पूर्ण निघाली. बावीस पौंड. दुसऱ्या बाजूसही गाठ धरली होती, म्हणून तीही काढावी लागली." मग हात पुसत म्हणाल्या, "यापुढे मूल होणार नाही, हे तुम्ही जाणले पाहिजे." मी मान हलवली. शेजारचा माणूस पागोटं बांधत उठला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आपल्या पोराकडे गेला. त्याचं नाव मी विचारलं नाही. याची मला लाज वाटते.

पुढचे दिवस सोपे नव्हते. पहिला दिवसभर पाणी नाही, फक्त ओल्या कापडाचा बोळा ओठांवर. चौथ्या दिवशी ताप चढला. सल्फाच्या गोळ्या होत्या, पण लढाईमुळे मोजक्याच. सातव्या दिवशी ताप उतरला, दहाव्या दिवशी टाके काढले. घरी जायला महिना लागला. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी महिना धरून चालावं, आणि पोटाला पट्टा बांधल्याशिवाय बाईला घागर उचलू देऊ नये.

मूल होणार नाही हे तिला मी टाके काढल्यावर सांगितलं. ती छताकडे बघत राहिली. "दोन्ही?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "दोन्ही." मग ती भिंतीकडे तोंड करून रडली. मला म्हणाली, "तुमी भाईर जाऊन बसा." मी बाहेर बसलो. ते रडणं मी थांबवायला गेलो नाही, एवढं एक शहाणपण माझ्याकडून झालं.

गावी आल्यावर पहिली गोष्ट मी गयाबाईच्या दारात जाऊन माफी मागितली. ती जात्यावर होती. म्हणाली, "जिती हाय न्हवं? मंग कशाला तोंड पाडून राहिलात."

रविवारी पाळकांनी प्रवचन आमच्यावर केलं. देवानं एक दान राखून ठेवलं, पण दुसरं मोठं दिलं, असं काहीसं. मग ते म्हणाले, मास्तरांनी उठून साक्ष द्यावी आणि आभार मानावेत. मी उठायच्या आत शांता उठली. आमच्या मंडळीत बायका पुरुषांसमोर बोलत नसत. ती बाकाच्या पाठीला धरून उभी राहिली, आणि तोंड तिनं बायकांकडे केलं.

"मला लेकरू झालं न्हाई. होनार बी न्हाई. ते लेकरू नव्हतंच. मी जिती हाय, म्हनून देवाचे उपकार मानते. एक बराबर ध्यानात ठिवा. जिचं पोट वाढून राहिलं अन् आत काही हलत न्हाई, तिनं नवऱ्याला इच्यारू नये, पाळकाला इच्यारू नये. तिनं प्रार्थना गाडीत बसून करावी."

ती खाली बसली. पाळक पुस्तकाची पानं उलटत राहिले.

मी आमेन म्हटलं. एकट्यानंच म्हटलं, म्हणून ते जरा मोठ्यानं ऐकू गेलं.