रखमामावशीची जट

सरकारी दवाखान्यात औषधं संपतात, कापूस संपतो, पगाराची वाट बघता बघता महिना संपतो. किस्से तेवढे उरतात! आम्ही रिटायर सिस्टर लग्नाकार्यात भेटलो, की जेवून हात वाळले तरी कुणी उठत न्हाई. माझी पाळी आली की सगळ्यांची एकच फर्माईश, "रखमामावशीच्या जटेचं सांग!"

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावरची गोष्ट. शहागडच्या अलीकडं, गोदावरीकाठच्या एका गावात माझी नेमणूक झाल्ती. रखमामावशी तिथं आया. पन्नाशीची बाई, आवाज खणखणीत, आणि डोक्यावरून कमरेखाली उतरलेली मनगटाएवढी जाड जट!

तरुणपणी तिचं पहिलं बाळ गेलं, आणि तिला मोठा ताप आल्ता. कित्येक महिने अंथरुणात, केसाला फणी न्हाई. केस गुंतून जट झाली. घरच्यांनी ठरवलं, ही आता देवीची. हातात परडी दिली आणि जोगवा मागायला धाडलं. पुढं आमच्या जुन्या डॉक्टरांनी तिला आया म्हणून ठेवून घेतलं, तेव्हा परडी सुटली. जट राहिली.

*

आमचं घर छप्पन सालापासून बौद्ध. देवीची जट वगैरे मला पटायचं न्हाई. पहिल्याच आठवड्यात कात्री घेऊन म्हटलं, "मावशी, कापून टाकू का? मानेला केवढं ओझं!"

मावशी शांतपणे म्हणाली, "सिस्टर, तुमच्या नाकात चमकी हाये. उपटून टाकू का, असं मी म्हन्ले का कधी?"

मी कात्री ठेवून दिली. "मंग धुवू तरी द्या!"

त्याला ती खुशीनं तयार झाली. एकटीला ती धुणं कुठलं व्हायला! रिठे आदल्या दिवशी भिजत घालायचे, कोमट पाण्यात फेस करायचा आणि जट तळहातानं नुसती दाबत जायची. शेवटी कडुनिंबाचं पाणी. तेल लावायचं ते फक्त मुळाशी, बोटाच्या टोकानं. न्हाई तर सगळी धूळ येऊन बसते.

खरी पंचाईत पिळताना. गोधडी पिळायला दोन टोकांना दोघी लागतात. इथं एका टोकाला मावशीच होती!

*

आतली ओल राहिली की जटेला वास धरतो. म्हणून धुणं भर उन्हाच्या दिवशीच. मावशी दवाखान्यामागं बाकावर आडवी व्हायची आणि जट वाळायला बाकाच्या पाठीवरून पलीकडं सोडायची.

एकदा तिचा डोळा लागला. कुणाची तरी शेळी आली आणि जटेचं टोक चघळायला लागली. मावशी किंचाळून उठली, शेळी पळाली. पण पाण्याला निघालेल्या बायांनी ते बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेळीच्या कपाळावर हळदकुंकू! देवीचा प्रसाद खाल्लेली शेळी म्हणून तिच्या दुधाला गिऱ्हाईक मावेना. शेळीचा मालक मला रस्त्यात भेटला आणि हळूच विचारता झाला, "सिस्टर, मावशी पुन्हा कवा धुणार हायेत?"

*

मग नवे डॉक्टर आले. तरुण, कडक. बाळंतिणीच्या खोलीत डोक्याला टोपी पाहिजे म्हणजे पाहिजे! बरोबरच होतं त्यांचं. पण दवाखान्यातल्या टोपीत मावशीची जट कशी मावणार? मावशीनं उशीचा अभ्रा कापून स्वतःच टोपी शिवली.

डॉक्टर बघतच राहिले. "मावशी, ही टोपी आहे का उशी?"

"टोपी हाये, साहेब. पन तुमाला डुलकी आली तर सांगा, पाठ वळवून हुभी ऱ्हाते!"

त्यानंतर डॉक्टरांचा कडकपणा निम्म्यावर आला.

*

एकदा आम्ही दोघी एसटीनं जालन्याला निघाल्तो. मावशीनं जट गुंडाळून पदराखाली बांधलेली. गर्दीत कंडक्टर मागून ओरडला, "ओ मावशी, डोक्यावरचं गाठोडं खाली ठिवा! मागच्या लोकांना तरास होऊन राह्यला."

मावशी वळली. "आरं, गाठोडं न्हाई, डोकं हाये! बराबर टिकिट काढलंय त्याचं!"

*

पण त्या जटेनं तिला सोसायलाही लावलं. एका उन्हाळ्यात जटेखाली मानेवर गळू झालं. चार दिवस तिनं ते लपवलं. मान वाकडी दिसली तेव्हा मी पदर सारून बघितलं. तिला बाळंतिणीच्या खोलीत बसवलं, जट वर बांधली आणि गळू फोडून साफ करायला लागले. मावशीनं अशी बोंब ठोकली, की बाहेर जीपशी उभे असलेले आमचे ड्रायवर रहीमचाचा दाराशी धावत आले.

थोड्या वेळानं आवाज थांबला. चाचांनी बाहेरूनच विचारलं, "क्या हुआ सिस्टर, लडका के लडकी?"

मी ओरडले, "गळू!"

रडता रडता मावशीला हसू फुटलं.

*

आणि हा एक.

राजूरकडची एक बाई नऊ-दहा वर्षांच्या पोरीला घेऊन आली. तापातून उठलेली पोर, मागं मुठीएवढी जट झालेली. बाई डॉक्टरकडं गेलीच न्हाई, मावशीपुढं भंडाऱ्याची पुडी ठेवून बसली.

"सासरच्यांनी ठरवलंय. पोरगी देवीला सोडायची. पैला भंडारा तुमच्या हातानं लागू द्या."

पोर खाली बघत होती. मावशीनं पुडीला हात लावला न्हाई. पोरीला पायरीवर दोन गुडघ्यांमध्ये बसवलं आणि मला म्हणाली, "सिस्टर, खोबऱ्याचं तेल आना. न् तुमची फणी."

दुपारभर ती एक एक केस सोडवत बसली. पोर कळवळली की थांबायची, तेल जिरवायची, पुन्हा धरायची.

"मावशी, देवी कोपंल हो! तुमीच असं करून राह्यल्या?" आई रडकुंडीला आली. मावशीनं पुढची गुंतलेली बट धरली.

उन्हं उतरली तेव्हा पोरीच्या पाठीवर दोन वेण्या होत्या, रिबिनीच्या जागी बँडेजच्या पट्ट्या. पोर सारखा हात मागं नेऊन त्या चाचपत होती. आई मावशीच्या जटेला हात जोडून म्हणाली, "आता घरी काय सांगू मी? देवीला काय सांगू?"

मावशीनं तेलाचे हात पदराला पुसले.

"इतकी वर्सं माझ्याकडंच ऱ्हाती न्हवं ती? आत्ताच इचारलं. म्हन्ली, मला एक घर बस हाये!"