पाणी आणताना पडले, अशी नोंद

माझा नवरा फौजेत असताना बर्फातल्या एका चौकीवर पाणी आणायला गेला आणि घसरून पडला, म्हणून त्याचा डावा पाय ओढल्यासारखा पडतो. ही गोष्ट मी चाळीसएक वर्षं सांगत आले. लग्नात आलेल्या बायकांना सांगितली, बारशाला सांगितली, घर भाड्यानं घेताना मालकिणीला सांगितली. माणूस लंगडत आला की लोक आधी त्याच्या पायाकडं बघतात आणि मग त्याच्या बायकोकडं. सांगायला मला कधी जड गेलं नाही. पडतो माणूस.

माझ्या माहेरी तर ह्या पडण्यावर सगळ्यांची करमणूक चालायची. माहेर निपाणीकडचं, तंबाखूच्या शेतकऱ्याचं. आम्ही दिवाळीला गेलो की माझा थोरला भाऊ, त्याला मी अण्णा म्हणते, ह्यांच्या हातात पाण्याचा तांब्या देताना न चुकता म्हणायचा, "दाजी, जपून. पाणी हाय." सगळे हसायचे. हेही हसायचे. मी सगळ्यात जास्त हसायचे, कारण लेक हसली नाही तर माहेरच्यांना वाटतं तिला लागलं.

दोन वर्षांमागं ह्यांची कंबर धरली. आम्ही आता बेळगावात, खासबागला राहतो. मी शहापूरच्या दुकानांसाठी साड्यांना फॉल लावून देते. हे पेन्शनवर आहेत आणि माझ्या कामात नाक खुपसतात. कंबरेला आधी तेल झालं, मग शेक झाला, मग 'तुमच्या त्या पडण्यापायी' असं माझं ऐकवून झालं, आणि शेवटी डॉक्टरांनी एमआरआय काढायला सांगितला.

तिथली बाई निम्मं कन्नड, निम्मं मराठी बोलत होती. ह्यांना तिनं मागं नाड्या असलेला झगा घालायला दिला होता आणि हे एका हातानं तो मागून धरून उभे होते. बाईनं मला विचारलं, "आक्का, ह्यांच्या अंगात लोखंड काय हाय? रॉड, स्क्रू, असलं काय?"

"न्हाय," मी म्हणाले.

"हाय," हे म्हणाले.

मला वाटलं, झग्यामुळं बावचळले असतील. मी परत म्हणाले, न्हाय. हे परत म्हणाले, "हाय. कंबरंत. तोफगोळ्याचा तुकडा हाय."

बाईनं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी त्यांची दुसरी बायको असावी आणि पहिलीला सगळं माहीत असावं. त्या मशीनचं म्हणे लोहचुंबक असतं, अंगातलं लोखंड जाग्यावरनं ओढून हलवतं. तिनं ह्यांना कपडे परत दिले आणि साधा एक्सरे काढायला पाठवलं. एक्सऱ्यात तुकडा स्वच्छ दिसला, चिंचोक्याएवढा. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, काय सांगू. मशीनला भिऊन माझा नवरा खरं बोलला. मला भिऊन चाळीस वर्षांत एकदा बोलला नव्हता.

तिथंच बाकावर बसून मी विचारलं, आता सगळं सांगा. ते सांगायला लागले. चौकीवरचं पाणी संपलं होतं. समोरनं गोळे पडत होते, त्यामुळं खाली झऱ्याकडं कुणी जाईना. हे कॅन घेऊन गेले. येताना गोळा पडला.

"पाणी आणत होतो हे खरं," ते म्हणाले. "पडलो हेबी खरं. मधला गोळा तेवढा सांगितला न्हाय."

"मग पाण्याचं काय झालं?"

"नेऊन दिलं की वर. थोडं सांडलं."

जखम बारीक होती, वरनं मिटली. नंतर खालच्या दवाखान्यात आणलं तेव्हा डॉक्टरपुढं पाय तुटलेली माणसं पडली होती. 'तुला काय झालं' असं त्यानं विचारलं, हे म्हणाले, दगडावर पडलो, आणि त्यानं तसं लिहिलं. मी म्हणाले, पण असं का सांगितलंत? लढाईत जखमी झालेला माणूस कधी स्वतःला वेंधळा म्हणवून घेतो का? तर हे बाकाखालच्या चपला बघत म्हणाले, "लढाईत जखमी म्हणून लिवलं की घरला तार जात होती. तार गेली असती तर तुझ्या आप्पांनी लगीन मोडलं असतं."

इथं मला आमच्या गावची पद्धत सांगायला हवी. तेव्हा फौजेतल्या पोराशी सोयरीक जमली की साखरपुडा करून त्याला ड्यूटीवर पाठवायचे आणि पुढच्या सुट्टीला अक्षता टाकायच्या. मधल्या काळात काय व्हायचं ते होऊन जाऊ दे, असा त्यातला हिशोब. आमच्या साखरपुड्याला माझ्या वडलांनी, म्हणजे आप्पांनी, पंगतीत सगळ्यांपुढं सांगितलं होतं, "पोरगा धड परत आला की लगेच बार उडवू." त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. आदल्याच वर्षी आमच्या आळीतल्या एका मुलीच्या होणाऱ्या सासरी अशी तार आली होती, मुलगा जखमी म्हणून. तो यायच्या आधीच मुलीच्या बापानं सोयरीक मोडली. मुलगा आला तर त्याचा फक्त कान फाटलेला. पण तारेत कान लिहीत नाहीत, नुसतं जखमी लिहितात. ही गोष्टही आप्पांनी त्याच पंगतीत जावयाला हसत हसत सांगितली होती. जावई ती बरोबर घेऊन सीमेवर गेला. लंगडत परत आला, तर पडलेल्याचा पाय काय, महिन्याभरात सरळ होईल, असं म्हणत आप्पांनी बार उडवला.

मी म्हणाले, झालं ते झालं, आता सरकारला अर्ज करायचा. दप्तरात लढाईत जखमी अशी नोंद करून घ्यायची आणि जखमी जवानाचं पदक मिळतं ते मागायचं. हे म्हणाले, नको, ह्या वयात काय करायचंय. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "कचेरी दहाला उघडती," म्हणाले. नको म्हणणाऱ्या माणसाच्या अंगावर इस्त्रीचा शर्ट नसतो. पलटणीच्या मेळाव्याला जखमी जवानांना पुढं बोलावतात तेव्हा हे कायम चहाच्या टेबलाकडं जायचे. मला वाटायचं, चहाची तल्लफ. त्या चौकीवर ज्यांना लागलं त्यांच्यात आपलं नाव असावं, एवढंच त्यांना पाहिजे होतं, आणि ते लई पाहिजे होतं.

अर्ज गेला. एक्सरे गेला. नंदगडकडचा एक म्हातारा साथीदार, त्या दिवशी चौकीवर ते पाणी प्यायलेला, त्यानं सही करून दिली की ह्यांच्या विजारीला रक्त होतं. उत्तर आलं की अर्जदारानं त्या वेळी स्वतःच्या तोंडानं पडलो असं सांगितलेलं आहे, ते खोटं का सांगितलं याचा खुलासा करावा. ह्यांनी खुलासा केला. मग परत पत्र आलं की त्या खुलाशाला आधार काय. आता ह्याला आधार एकच होता, आणि तो घरात बसून साड्यांना फॉल लावत होता.

मी जबाब द्यायचं ठरवलं आणि आधी अण्णाला फोन केला. म्हटलं, त्याला बाहेरनं कळायला नको. तो सगळं ऐकून घेऊन म्हणाला, "म्हंजे दाजींना पदक पायजे म्हणून तू आप्पांचं नाव सरकारी कागदात घालणार. लेकीचं लगीन मोडणारा बाप म्हणून."

"मोडलं न्हाय, मोडलं असतं म्हणून."

"मेलेल्या माणसाला बोलता येत न्हाय, म्हणून तू बोलतीस व्हय," असं म्हणून त्यानं फोन ठेवला. मला फार वाईट वाटलं. आप्पा वाईट नव्हते. मला ताप आला की रात्रभर उशाशी बसणारा माणूस तो. त्या दिवाळीला भाऊबीजेला ये असा निरोप आला नाही, आणि मीही गेले नाही. अण्णानं माझी ओवाळणीची साडी दरवर्षी शहापुरातच घेतलेली असते आणि तिला फॉल मीच लावते. त्या वर्षी तीही आली नाही.

जबाबासाठी आम्हाला कॅम्पातल्या कचेरीत बोलावलं. साहेब आमच्या मुलीच्या वयाचा, उत्तरेकडचा, हिंदी बोलणारा. त्यानं मला माताजी म्हटलं. मला आक्का म्हटलेलं आवडतं, पण त्याला काय सांगणार. हे माझ्या शेजारच्या खुर्चीत, गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसलेले. साहेबानं सरळच सांगितलं. यांचं तेव्हाचं बोलणं खोटं असेल तर आत्ताचं खरं. पण तेव्हाचं खरं असेल तर आत्ताचं पदकासाठी रचलेलं. खोटं बोलायला खरंच कारण होतं की नाही, ते तुमच्यावर आहे. तार आली असती तर तुमच्या वडलांनी लग्न मोडलं असतं का?

"हो," मी म्हणाले. "मोडलं असतं. त्यांनी पंगतीत सांगितलं होतं."

शेजारच्या कारकुनानं लिहून घेतलं. मला वाटलं, सुटले. पण साहेब माणूस नीट चौकशी करणारा होता. तो म्हणाला, "आणि तुम्ही? वडलांनी मोडलं असतं, पण तुम्ही हट्ट धरला असता तर? मग यांना भिण्याचं कारणच नव्हतं."

"मला कोण विचारणार होतं, साहेब?"

"मी विचारतोय."

माझ्या लग्नाबद्दल मला कुणी विचारलं ते हे पहिल्यांदा. सोयरीक जमवताना विचारलं नव्हतं, साखरपुड्याला नव्हतं, अक्षता पडताना तर बँड वाजत होता. आणि आता विचारत होता तो सरकारी साहेब, तेही ह्यांच्या समोर. मी ह्यांच्याकडं बघितलं नाही. मी अडून बसले असते, उपाशी राहिले असते, असं म्हणायला किती सोपं होतं. बायका तसंच सांगतात, आणि नवऱ्यांना बरं वाटतं. पण तसं सांगितलं असतं तर ह्यांचं भिणं उगाचचं ठरलं असतं आणि अर्ज तिथंच निकालात निघाला असता. आणि ते खरंही नव्हतं.

मी म्हणाले, "साहेब, बघायच्या कार्यक्रमात मी खाली मान घालून बसले होते. मला ह्यांचे नुसते पाय दिसले. तोंड मी अक्षता पडल्यावर बघितलं. लग्न मोडलं असतं तर मी काही हट्ट धरला नसता. मी रडलेही नसते. आप्पांनी दुसरं स्थळ आणलं असतं आणि मी त्याच्याकडं नांदायला गेले असते. हा माणूस मला माहीतच नव्हता."

कारकून लिहायचा थांबला होता. साहेबानं त्याला लिही म्हणून खूण केली. मी सही केली. बाहेर आल्यावर हे एक शब्द बोलले नाहीत. रिक्षा ठरवताना बोलले, तेही रिक्षावाल्याशी, कन्नडमध्ये. घरी आल्यावर मी भाकरी टाकल्या. जेवले, ताट उचललं, झोपले. मला वाटलं, आता हे माझ्याशी बोलायचे बंद होणार. आठ-पंधरा दिवस तसंच गेलं. कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, एवढंच विचारायचे.

पाऊस संपता संपता निकाल आला. जुनी नोंद रद्द, लढाईत जखमी अशी दुरुस्ती मंजूर, पदक यथावकाश मिळेल. खाली कारणं दिली होती आणि त्यात माझा जबाब मुख्य धरला होता. ह्यांनी कागद दोनदा वाचला आणि पहिला फोन निपाणीला लावला. मला वाटलं, आता तांब्याचा सगळा हिशोब चुकता करणार. तर म्हणाले, "अण्णा, झालं काम. आणि आप्पांचं काय चुकलं नव्हतं बघा. त्यांच्या जागी मी असतो तर मीबी माझी पोरगी अर्धवट माणसाला दिली नसती." पलीकडनं अण्णानं आधी पदक कधी मिळणार ते विचारून घेतलं. मग म्हणाला, "दाजी, दिवाळीला दोघं या." मी पदराला डोळे पुसले आणि परत साडी हातात घेतली.

फोन ठेवून हे माझ्यापुढं येऊन बसले. फॉलचं टोक धरून सरळ केलं, जे मी सतरा वेळा नको म्हणून सांगितलंय.

"ते साहेबापुढं बोललीस," ते म्हणाले, "ते माझं काम व्हावं म्हणून बोललीस, का खरं?"

काम व्हावं म्हणून, असं म्हटलं असतं तर माणूस सुखानं झोपला असता. पण एका लग्नासाठी एकदा खोटं बोलून झालं होतं, आणि ते निस्तरायला एवढी वर्षं गेली होती.

"खरं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "मला वाटलंच," म्हणाले. मग साडीकडंच बघत, "आणि आता?"

"आता काय?"

"आता माझी तसली काय बातमी आली तर?"

मला ह्या माणसाशिवाय एक दिवस काढायचा नाही. आमच्याकडं असलं तोंडानं कुणी बोलत नाही, मीही कधी बोललेली नाही, आणि त्या वेळीही मला ते तसं बोलता आलं नाही.

"आता तुमच्या आधी मी जाणार हाय," मी म्हणाले. "रडायचं काम तुमच्याकडं."

त्यांनी फॉलचं टोक सोडून दिलं.

"मला जमायचं न्हाय," ते म्हणाले.